काळ्या कातळाचा चंद्र

“मॅडम, चंद्राचं थोबाड कुणी फोडलं?”

प्रश्न सुटला तो गोफणीतून सुटल्यासारखा. काळेखडीच्या शाळेच्या मैदानावरून, मांडी घालून बसलेल्या डोक्यांच्या रांगांवरून, मुख्याध्यापक शेवाळे सरांच्या ताठ मफलरवरून तो सणसणत गेला आणि पौषातल्या त्या संध्याकाळच्या कपाळावर जाऊन आदळला.

संध्याकाळ आधीच घायाळ होती. पश्चिमेला सूर्य पडला होता, पण त्याचं रक्त थांबलं नव्हतं. खाणीच्या तुटक्या कड्यावरून ते ओघळत होतं, क्रशरच्या धूलिधूसर मनोऱ्यावरून ठिबकत होतं, उसाच्या रुपेरी तुऱ्यांना लालभडक माखत होतं. दगडाची भुकटी हवेत तरंगत होती आणि तिचा कण न् कण पेटला होता. आणि या सगळ्या कत्तलीच्या वर, पूर्वेच्या जांभळ्या पायऱ्या चढून केव्हाच वर आलेला, थंड, पांढरा, निर्विकार, दशमीचा चंद्र.

विचारणारी भैरवी. नववी ब मधली भैरवी शिवलिंग धोत्रे.

पैज मैत्रिणींची. तेजल आणि सायमा; एक दोरीसारखी लांब, एक लाटण्यासारखी आटोपशीर. केळूसकर मॅडम शहरातून भली मोठी दुर्बीण घेऊन येणार, हे कळल्या कळल्या मधल्या सुट्टीत कट शिजला होता.

“विचारशील? अख्ख्या शाळेसमोर?” तेजलनं डिवचलं होतं.

“विचारेन की. घाबरते का काय?”

“थोबाडच म्हणायचं हं,” सायमानं बोट नाचवलं होतं. “चेहरा-बिहरा म्हणालीस तर पैज रद्द.”

आणि भैरवीनं दोघींच्या पाठीत एकेक सणसणीत धपाटा घालून पैज पक्की केली होती.

आधी हशा फुटला. असा फुटला की कडुनिंबावरचे कावळे उठले. पण लगेच त्या हशाला ठेच लागली. पहिल्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत, वीज गेल्यावर घरामागून घर काळोखात जावं तसे चेहरे विझत गेले. कारण प्रश्न कुणी विचारला ते सगळ्यांना दिसलं. भैरवी उभी होती, आणि अस्ताचा तो रक्तलांछित उजेड नेमका तिच्या डाव्या गालावर पडला होता.

तो गाल! कानशिलापासून हनुवटीपर्यंत पसरलेला एक उद्ध्वस्त मुलूख. कुठे खळगे, कुठे उंचवटे, कुठे ताणून चकाकणारी कातडी. आणि त्या कातडीखाली, निळसर, काळसर, शाईच्या शिंतोड्यांसारखे, रुतून बसलेले दगडाचे कण.

कितीतरी वर्षं तो गाल केसांच्या पडद्याआड नांदत होता. मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी भैरवीनं आरशासमोर उभं राहून सगळे केस करकचून मागे ओढले, वेणी घातली आणि तशीच शाळेत गेली. आभाळ कोसळलं नाही. वर्गातला एक शहाणा “उगवला बाबा एकदाचा चंद्र!” असं म्हणाला, तेव्हा तिनं डबा उघडून त्याच्या मांडीवर वाटीभर आमटी ओतली. शांतपणे. शेवटच्या थेंबापर्यंत. त्या दिवसापासून ती मैदानात मोठ्यानं हसू लागली, कबड्डीत पकडायला पुढे जाऊ लागली, आणि बाई-सरांना नको नको ते प्रश्न विचारू लागली.

पण आजचा प्रश्न विचारल्यावर ती हसली नाही; गाल उजेडात ठेवून उभी राहिली.

केळूसकर मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. करड्या केसांची ती उंच, सडसडीत बाई दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवून क्षणभर पोरीकडे पाहत राहिली. पोरीकडे, म्हणजे अख्ख्या पोरीकडे. एका गालाला चुकवून नव्हे.

“शब्द अगदी बरोबर वापरलास,” त्या म्हणाल्या. “फोडलंच आहे. ये पुढे. आधी डोळ्यांनी बघ, मग कुणी फोडलं ते सांगते.”

भैरवी रांगेतून निघाली. आणि चालता चालता, बघा, तिला उद्याची पहाट आठवली.

कारण उद्या पहाटेच्या एसटीनं आई आणि आण्णा तिला पुण्याला नेणार होते. दवाखान्यात. गाल दुरुस्त करायला. मागच्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी गाल दाबून, उजेडात धरून, नीट तपासला होता. डोळ्याच्या कडेला रुतलेला एक खडा पापणी मिटली की टोचतो, तो काढलेला बरा, असं ते म्हणाले होते. बाकीचे काही त्रास देणार नाहीत. पण तुम्हाला हवं असेल तर सगळे काढू. गालाची कातडी सोलून मांडीची बसवू. एका वेळेत होणार नाही, पुन्हा पुन्हा यावं लागेल. गाल गुळगुळीत होईल. “फक्त,” ते चष्मा पुसत म्हणाले होते, “तो गाल मग दुसराच असेल.”

“सगळे काढा,” आई म्हणाली होती. “सगळे,” आण्णा म्हणाले होते, जमिनीकडे बघत.

भैरवीला कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी, जगाला प्रश्न विचारत सुटलेल्या या पोरीपाशी त्या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. गाल ठेवू की देऊन टाकू? आरशाला विचारलं, तो गप्प. उशीला विचारलं, ती ओली. आणि पहाट तर येऊन ठेपलेली.

तिनं डावा डोळा मिटला. खडा टोचला. तिनं उजवा डोळा भिंगाला लावला.

आणि चंद्र तिच्या अंगावर आला!

कुठे तो आकाशातला चांदीचा तुकडा, आणि कुठे हे! हे तर रणांगण होतं. जखमांवर जखमा, खड्ड्यांत खड्डे, खड्ड्यांच्या काठांवर पुन्हा खड्डे. कडे कापलेले, सुळके उपटलेले, मैदानं जळून काळी पडलेली. जिथे उजेड संपत होता आणि काळोख सुरू होत होता त्या सीमेवर तर एकेका कड्याची सावली तलवारीसारखी लांब, काळी, धारदार पडली होती. शुभ्र, निःशब्द, भयंकर. शीतल चंद्र म्हणतात तो हा? हा तर मार खाल्लेला, मार पचवलेला, छाताड उघडं टाकून उभा राहिलेला कुणी मल्ल होता.

“आई शप्पथ!” भैरवी भिंगातच बोलली. मागे सगळी शाळा हसली, आणि या वेळी हसू मोकळं होतं.

मग मॅडम सांगू लागल्या. त्यांचा आवाज चढला नाही, हात हवेत फिरले नाहीत. पण भैरवीच्या कानांत ते शब्द शिरले आणि तिथे त्यांचे वणवे झाले.

पृथ्वी तेव्हा तरुण होती. तप्त, उन्मत्त, अर्धवट वितळलेली. तिला ना सागर होता, ना निळं आभाळ, ना कुणी लेकरू. आणि अवकाशाच्या निबिड माळावरून, मंगळाएवढा एक गोळा, वाट चुकलेल्या रेड्यासारखा, शिंगं रोखून, सुसाटत आला. आला आणि धडकला.

पृथ्वी फाटली. तिचं अग्निमय मांस आकाशात उधळलं. दगड वितळले, वितळलेले उकळले, उकळलेल्यांची वाफ झाली. चिंधड्या, ठिकऱ्या, ज्वाला, धूळ. सगळ्यांचं एक धगधगतं कडं तिच्याभोवती गरगरू लागलं. त्या चिंधड्या एकमेकींवर आदळल्या, एकमेकींना गिळत गेल्या, आणि गिळता गिळता त्यांचा चंद्र झाला.

“शास्त्रज्ञांना असं वाटतं,” मॅडम म्हणाल्या. “बघायला तिथे कुणीच नव्हतं.”

म्हणजे घ्या! ज्याच्याकडे बोट दाखवून पोरांना घास भरवायचे, ज्याच्या नावानं नवऱ्यामुलीच्या मुखड्याचे गोडवे गायचे, तो चंद्र मुळात एका मारामारीतून जन्मलेला!

जन्मला तेव्हा तो नुसता वितळलेल्या दगडाचा समुद्र होता. हलका दगड दुधावरच्या सायीसारखा वर आला, निवला, थिजला. तोच तो पांढुरका, खडबडीत, उजळ मुलूख. आणि साय नीट धरते न धरते तोच दगडांचा पाऊस सुरू झाला. पावसाळ्याला अंत असतो, या पावसाला नव्हता. सूर्यमाला बांधून उरलेला सगळा राडारोडा, सगळा मलबा, डोंगराएवढे धोंडे, जिल्ह्याएवढे धोंडे, कोसळत राहिले. युगानुयुगं. घणावर घण, घणावर घण. एकेक घाव असा की त्यात आपला महाराष्ट्र तीनदा मावावा. धोंडा आदळे, आदळताच वाफ होऊन उडे, जमीन लाटेसारखी उठे, आणि उठलेली लाट तशीच्या तशी गोठून डोंगरांची रांग होई. तिथले डोंगर सावकाश वाढलेले नाहीत. ते फेकले गेले आहेत. कुठे दबलेला तळ उसळून वर आला आणि खड्ड्याच्या मधोमध सुळका होऊन उभाच राहिला. पाण्यात खडा टाकल्यावर मधोमध थेंब उडतो ना, तसा. फक्त हा थेंब दगडाचा, आणि तो परत खाली पडलाच नाही.

“तो बघ टायको नावाचा खड्डा,” मॅडमनी नळी किंचित वळवली. “हा तरुण घाव. दहा कोटी वर्षांचा असावा, म्हणजे चंद्राच्या हिशेबात कालपरवाचा. त्याच्यातून पांढऱ्या रेषा फाकल्यात बघ. फुटलेल्या दगडाची भुकटी शेकडो मैल उडाली, ती तिथेच बसली. पौर्णिमेला आणखी ठळक दिसतील.”

भैरवीनं पाहिलं. फुटलेल्या काचेसारख्या त्या रेषा. एक क्षण, एक आघात, आणि त्या क्षणाची सही अजून तिथेच.

“मॅडम, केवढा आवाज झाला असेल!” मागून कुणीतरी ओरडलं.

“काहीच नाही. तिथे हवा नाही. डोंगर फुटले, जमिनी उलथल्या, आणि सगळं चिडीचूप. ना आवाज, ना प्रतिध्वनी.”

प्रतिध्वनी.

भैरवीचा हात नळीवरून निसटला. हा शब्द तिच्या घरात कुणी उच्चारत नाही.

काळेखडीच्या खाणीचा एक रिवाज आहे. खडकाला भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती लावायच्या. लाल फडकं हलवायचं. “बाऽऽर हायऽऽ!” अशी आरोळी ठोकायची. आणि आडोशाला बसून, कान टवकारून, बार मोजायचे. जेवढे लावले तेवढे फुटले की ज्याच्याकडे शिट्टी त्यानं शिट्टी फुंकायची. शिट्टी म्हणजे अभय. शिट्टी म्हणजे बायाबापड्यांनी, पोरासोरांनी खुशाल खाणीत उतरावं.

त्या दिवशी शिट्टी भैरवीच्या आण्णांच्या, म्हणजे शिवलिंग धोत्र्यांच्या, ओठांत होती. बार पाच लावले होते. एक फुटला, दुसरा फुटला, तिसरा, चौथा; आणि मग पाचवा.

पण तो पाचवा नव्हताच. समोरचा कडा त्याच आठवड्यात नव्यानं कापला होता, भिंतीसारखा सरळ, तुळतुळीत, उभा. त्या नव्या कड्यानं चौथ्या बाराचा आवाज झेलला आणि जसाच्या तसा परत फेकला. कडा खोटं बोलला. कानानं खरं मानलं. शिट्टी वाजली. आणि दुसरीतली भैरवी, फडक्यात बांधलेली भाकरी छातीशी धरून, उड्या मारत उतारावरून धावली. शिट्टी झाली म्हणजे आण्णा जेवायला मोकळे.

मग खरा पाचवा फुटला.

कृष्णकराल कातळ गर्जला, उसळला, विदीर्ण झाला. आभाळ काळं झालं. कपच्या सुटल्या, टोकदार, तापलेल्या, वेड्या गांधीलमाश्यांच्या थव्यासारख्या, आणि त्यातला मूठभर थवा एका सात वर्षांच्या गालात शिरला. भाकरी तांबडी झाली. वेदना मागाहून आली. आधी फक्त उजेड होता, पांढरा, प्रचंड, गोल.

आणि नंतर ती धुळीतून धावत आलेली छाती, ते उचलणारे हात, ती किंकाळी. ती किंकाळी भैरवीची नव्हती. आण्णांची होती.

त्यानंतर आण्णांनी शिट्टीला हात लावला नाही. आता ते क्रशरच्या पट्ट्यावर राबतात. आणि लेकीशी बोलताना तिच्या उजव्या गालाशी बोलतात.

“पुढचं ऐकायचंय ना?” मॅडमचा आवाज फार दुरून आला.

“हो,” भैरवी म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

पुढचं असं, की मग आतून आग आली. घाव एवढे खोल गेले होते की चंद्राचं कवच तळापर्यंत तडकलं होतं. त्या भेगांतून, फार फार काळानंतर, पोटातला लाव्हा वर पाझरला. काळा, जड, संथ. तो घावांत उतरला, घाव काठोकाठ भरला, सपाट झाला, निवला. तीच ती काळी मैदानं. इथून बघणाऱ्यांनी त्यांना डाग म्हटलं. कुणी ससा म्हटलं. कुणी हरीण म्हटलं.

“ससा म्हणजे जखम?” भैरवीनं विचारलं.

“सगळ्यात मोठ्या जखमा, आतून भरून आलेल्या. पृथ्वीनंही असेच घाव खाल्ले हो. लोणारला एक शिल्लक आहे. पण आपल्याकडे पाऊस, नद्या, झाडं. सगळं पुसून टाकलं. चंद्राकडे पुसायला काही नाही. त्याला जे झालं ते त्याच्या अंगावर आहे.” मॅडम थांबल्या, आणि खाणीच्या कड्याकडे त्यांनी हनुवटी उडवली. “आणि हो, ती काळी मैदानं ज्या दगडाची आहेत ना, तो बेसॉल्ट. तुमच्या खाणीतला काळा कातळ. जात एकच.”

वाऱ्यानं एक गार फुंकर घातली. भैरवीची बोटं, तिच्या नकळत, गालावर गेली. खळगा. उंचवटा. खडा. खडा. खडा.

तिला रडू यायला हवं होतं, नाही का? पण आलं ते भलतंच. तिच्या पोटातून, बरगड्यांतून, कंठातून काहीतरी उसळत वर आलं आणि दातांवर येऊन फुटलं.

“भारी!” ती ओरडली. “एकदम भारी!”

घरी जाताना तिघी खाणीच्या कडेनं निघाल्या. वाट चांदण्यानं धुतलेली, धूळ पिठासारखी.

“ए भैरे,” तेजल म्हणाली, “म्हणजे तुझ्या गालात चंद्र रुतलाय?”

“चंद्र नाही गं,” सायमा म्हणाली. “चंद्राचा चुलतभाऊ.”

“मग ही चांदोबाची कोण लागते विचार. पुतणी?”

“पुतणीला उद्या सोलणार आहेत,” भैरवी म्हणाली, आणि तिघींचं हसू जागच्या जागी थांबलं.

सायमानं तिचा हात धरला.

“दुखेल का गं?” तेजलनं हळूच विचारलं.

“दुखायचं काय! दुखून झालंय.”

“मग तुला करायचंय का?”

हा तो प्रश्न. आईनं न विचारलेला, आण्णांनी न विचारलेला, डॉक्टरांनी चष्म्याआड ठेवलेला. खाणीच्या काठावर, चांदण्यात, दोरीसारख्या लांब मैत्रिणीनं तो सहज, दप्तराचा बंद खांद्यावर सरकवावा तसा, विचारून टाकला. भैरवीची चाल बदलली. ती धावू लागली.

घराचं दार उघडं होतं. पत्र्याखाली एकच दिवा, दिव्याखाली काठवट, काठवटीत बाजरीचं पीठ, पिठात आईचे हात. आण्णा भिंतीला टेकून बसलेले. दाराशी दोन पिशव्या, तोंडं बांधून, प्रवासाला तयार.

“आलीस? चप्पल तिकडं. दोन घास खा आन् झोप, पहाटेची गाडी हाय,” आई सुगंधा म्हणाली.

“आई, चंद्र कसा झाला माहितीय?”

“झाला आसंल कसातरी. हात धू.”

पण हात धुवायला सवड कुणाला! भैरवीनं काठवट ओढली, पिठावर तळवा फिरवून ते सपाट केलं, फळीवरची सुपारी उचलली आणि डोक्यावरून खाली, सपकन, पिठात हाणली.

पीठ उसळलं. पीठ उडालं. आईच्या पदरावर, आण्णांच्या मिशीवर, दिव्याच्या काचेवर.

“अगं माझे आई! पीठ गेलं की सगळं! खूळ लागलं का काय कार्टीला?”

“बघ, बघ, हा खड्डा! ह्याचा काठ बघ कसा उठला. आणि ह्या रेषा. अगदी अश्शाच आहेत तिथे, मी आत्ता बघून आले!” आणि ती सांगत सुटली. पृथ्वी फाटली, मांस उधळलं, साय धरली, धोंडे पडले. सुपारी गेली, मग लसणाचा गड्डा, मग कांदा. खड्ड्यावर खड्डा, काठावर काठ. चुलीसमोर, पत्र्याच्या आभाळाखाली, बाजरीचा एक करडा चंद्र घाव खात राहिला. सांगताना तिचे डोळे धगधगत होते, वेणी सुटली होती, आणि डावा गाल दिव्याच्या पुढ्यात होता.

आई रागावायचं विसरली. आण्णा पुढे सरकले. काठवटीवर वाकून त्यांनी एका रेषेवर, न पुसता, बोट फिरवलं.

“कपच्या अशाच फाकतात,” ते म्हणाले. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला, खोल विहिरीतून पोहरा घासत वर यावा तसा.

“आन् तिथं चूक कुणाची हुती?”

दिव्याची ज्योत हलली. आईनं पदर तोंडाशी नेला. इतक्या वर्षांत ‘चूक’ हा शब्द या छपराखाली पहिल्यांदा आला होता.

भैरवीनं सुपारी खाली ठेवली.

“तिथे कुणाचीच नाही, आण्णा. तिथे कुणी नव्हतंच मोजायला.” तिनं श्वास घेतला. “इथे होतं. इथे तुम्ही होतात. कडा खोटं बोलला आणि तुम्ही ऐकलंत. आणि मला उचलून डांबरी रस्त्यापर्यंत धावलात, तेही तुम्हीच.”

आण्णांचे खांदे हलले. कातळ फुटण्याआधी आतल्या आत हलतो तसे. मग तो काळा, रुंद, कष्टी माणूस पिठानं माखलेल्या मिशीसकट रडला. आवाज न करता, चंद्रावरचे डोंगर फुटावेत तसा, चिडीचूप. आणि रडता रडता त्यांनी मान वर केली. लेकीचा सगळा चेहरा पाहिला. दोन्ही गाल.

“म्हनून तर म्हनतो,” ते कसेबसे बोलले, “उद्या समदं काढून टाकू. काय सुदिक ऱ्हायला नको.”

“समदंच,” आई एकदम उसळली, वाघिणीसारखी. “मी जन्म दिला तवा न्हवता आसा गाल! लोण्यावानी हुता. मला माजी पोर परत पायजे.”

“ती पोर दुसरीत होती, आई,” भैरवी म्हणाली. “ती कुठे हरवली नाही. ती मोठी झाली.”

आईनं पदरावरचं पीठ झटकायला घेतलं. बाहेर वारा वाढला होता. पत्रा करकरत होता, उसाची पाती एकमेकींना कापत होती.

भैरवी उठली. आता तिच्या मनात तो प्रश्न नव्हता. होतं ते एक मोकळं, उजळ, सपाट मैदान, आणि त्यावर एकच शब्द उभा होता. केसांतलं पीठ झटकून, पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून, कबड्डीच्या रेषेवर उभी राहते तशी ती दोघांसमोर उभी राहिली.

“उद्या मी येणार,” ती म्हणाली. “पण डॉक्टरांना मी सांगणार. डोळ्याच्या कडेचा तेवढा काढायचा, तो टोचतो. बाकीचे राहतील. सोलायचं नाही, मांडीचं कातडं नाही, पुन्हा पुन्हा पुणं नाही. हा गाल माझा आहे. माझं ठरलंय.”

बाहेर उघड्या खाणीवर चांदणं घणासारखं कोसळत होतं. वर काळा कातळ, घाव भरून निवलेला. खाली काळा कातळ, घाव उघडा टाकून पडलेला. आणि मधोमध, दिव्याच्या उजेडात, एका पोरीच्या गालावर, तोच कातळ, तोच काळा, तोच जुना, लखलखत.